आधी काम, मग दाम : लॅपटॉप घेण्यापूर्वी



दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज यांची चौकशी होते आणि उठता उठता एखादे वडील विचारतात, "भाऊ, पोरीला लॅपटॉप घ्यायचा आहे. बरा आणि स्वस्त कोणता?" पूर्वी हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांपुरता होता. आता बी.कॉम., बी.एस्सी., डिप्लोमा अशा सर्व बाजूंनी तो येतो. ज्या घरात महिन्याला पंधरा-अठरा हजार येतात त्या घराने वीस-तीस हजारांची वस्तू घ्यायची म्हणजे दोन वर्षांची शिल्लक एका दुपारी दुकानदाराच्या गल्ल्यात टाकून यायची. चूक झाली तर दुसऱ्यांदा घेण्याची ऐपत नसते. म्हणून आजचे सदर या विषयाला दिले आहे.

या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. मी उलट विचारतो, "पोरगी काय शिकणार, आणि त्यात संगणकावर नेमके कोणते काम आहे?" फ्रीज कुणाच्याही घरी गेला तरी गार करण्याचेच काम करतो. लॅपटॉपचे तसे नाही. बी.ए.च्या मुलीला जो पुरून उरेल, तोच सिव्हिल डिप्लोमाच्या मुलाला दुसऱ्या वर्षी अडवून बसेल.

अकरावी-बारावीसाठी बहुधा लॅपटॉप लागतच नाही. सी.ई.टी. संगणकावर असते हे खरे, पण ती परीक्षा केंद्रातल्या संगणकावर होते. व्याख्याने पाहणे, नोट्स वाचणे, सराव प्रश्न सोडवणे ही कामे घरातला बरा मोबाइल करतो. ते पैसे तसेच ठेवावेत आणि बारावीनंतर कोणत्या शाखेला प्रवेश मिळतो ते पाहून मग खर्च करावेत. दोन वर्षे आधी घेतलेला लॅपटॉप गरजेच्या वेळी दोन वर्षे जुना झालेला असतो.

बी.ए., बी.कॉम., डी.एल.एड., मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम यांत वर्ड, एक्सेल, प्रोजेक्टचे लेखन, ऑनलाइन अर्ज एवढेच काम असते. वाणिज्य शाखेच्या मुलांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. टॅली हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आहे. स्वस्तात मिळणाऱ्या काही लॅपटॉपवर विंडोज नसते, मोबाइलसारखी वेगळीच यंत्रणा असते. २०२३ साली १६,४९९ रुपयांना जिओबुक बाजारात आले तेव्हा पुष्कळांनी मला विचारले होते. वजनाला हलके, दिसायला छान. पण त्यात ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि कंपनीची स्वतःची जिओ ओएस होती. शाळकरी मुलांच्या अभ्यासाला ठीक. टॅली शिकून एखाद्या सी.ए.च्या ऑफिसात चिकटू पाहणाऱ्या मुलाच्या ते उपयोगाचे नव्हते.

सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चर यांची मुले ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर चालवतात. त्यांना ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर उत्तम. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनाही १६ चा विचार करावा लागतो. व्हिडिओ एडिटिंग आणि थ्री-डी करणाऱ्यांचा खर्च मोठा, तो विषय वेगळा. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना लॅपटॉपची गरज थोडी आणि टायपिंगची जास्त. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. हा सराव लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर करू नये. चार-पाचशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड घेऊन तो जोडावा. हाताला वळण चांगले लागते आणि लॅपटॉपची बटणेही झिजत नाहीत.

आता दुकानात जाण्यापूर्वी आत काय असते ते समजून घेऊ. नावांना घाबरू नये. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. रॅम म्हणजे ओटा. साठवण म्हणजे भांड्यांची मांडणी. हात कितीही चपळ असले आणि ओटा वीतभर असला तर पोळपाट ठेवायला परात खाली उतरवावी लागते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकले की निम्मा-अधिक ओटा तेच अडवून बसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान मर्यादा सांगितली आहे, तेव्हा दुकानदार "चालतो ना" म्हणतो ते खोटे नसते. पण चालणे वेगळे आणि त्यावर तीन तास काम होणे वेगळे. तेव्हा ८ जीबीच्या खाली जाऊच नये.

साठवणीत तीन प्रकार दिसतात. जुनी फिरती हार्ड डिस्क मंद असते. एसएसडी वेगवान असते आणि २५६ जीबीची एसएसडी विद्यार्थ्याला पुरते. तिसरा प्रकार ईएमएमसी. हा सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये असतो, मदरबोर्डवरच चिकटवलेला असतो, बदलता येत नाही, आणि बहुधा ६४ किंवा १२८ जीबीचा असतो. विंडोज ११ लाच किमान ६४ जीबी लागतात. मग मुलीचा प्रोजेक्ट ठेवायचा कुठे? खोक्यावर ईएमएमसी हा शब्द दिसला की खोके खाली ठेवावे.

प्रोसेसरच्या बाबतीत फसवणूक अधिक होते, कारण नावे मोठी असतात. "आय-फाइव्ह आहे, काका" एवढे ऐकून आपली माणसे खूश होतात. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा पाहावा. इंटेलच्या नावात पुढच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८३५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. सहाव्या आणि सातव्या पिढीतल्या अशा साध्या ऑफिस-लॅपटॉपच्या आय-फाइव्हमध्ये दोन कोअर होते. २०१७ साली आठवी पिढी आली तेव्हा ते चार झाले. कोअर म्हणजे काम करणाऱ्या हातांच्या जोड्या समजा. तीन-चार हजार वाचवण्यासाठी सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह घेणे म्हणजे निम्मे हात घेणे होय. उलट बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१५ यू हा सहा कोअरचा आहे आणि जुन्या आय-फाइव्हला मागे टाकतो. एएमडी कंपनीचे रायझनही चांगले, पण तिथेही आकड्यांची गंमत आहे. सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना किती नवी ते सांगतो. म्हणजे ७३२० हे नाव नवे वाटले तरी आतली रचना झेन २ ही जुनी आहे. वाईट नाही, पण नव्या नावाचे जादा पैसे देऊ नयेत.

सेलेरॉन एन४०२० सारखी दोन कोअरची चिप, ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी हे तिन्ही एकत्र आले की तो लॅपटॉप फुकटही घरात आणू नये असे माझे मत आहे. दुर्दैवाने "विद्यार्थ्यांसाठी खास" म्हणून हाच माल पुढे केला जातो.

आमच्या वस्तीतले एक बंधू महापालिकेत कंत्राटी सफाई कामगार आहेत. त्यांची मुलगी सिव्हिल डिप्लोमाला लागली. बाप मोठ्या हौसेने शोरूममध्ये गेला. विक्रेता म्हणाला, "काका, नवा कोरा आहे, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहे. बजेटमध्ये बसतोय, घेऊन टाका." चोवीस हजारांना व्यवहार झाला. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर टाकल्यावर फाइल उघडायलाच इतका वेळ लागे की पोरगी रात्री मैत्रिणीकडे जाऊन सबमिशन करू लागली. रॅम वाढवावी म्हटले तर ती बोर्डवर चिकटवलेली. वाढवायला जागाच नाही. अखेर तो लॅपटॉप नऊ हजारांना विकला आणि अठरा हजारांत जुना, पण कंपन्यांमध्ये वापरतात तसला घेतला. पंधरा हजारांचा तोटा झाला. पगाराच्या हिशेबात बघितले तर एका महिन्याची झाडलोट फुकट गेली.

त्या वेळी मी त्यांना जुनाच का घेतला नाही असे विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, "भाऊ, आम्ही जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलं घातलं. पोरीला तरी नवं द्यावं म्हटलं." यावर मी काय बोलणार? ज्यांनी लहानपणी दुसऱ्यांच्या घरची फाटकी पुस्तके आणि अंगाला न बसणारे शर्ट वापरले, त्यांना जुनी वस्तू लेकराच्या हातात देताना काय वाटते हे ज्याचे त्याला कळते. पण मागून आणलेले आणि पारखून, पक्के बिल घेऊन, गॅरंटीसह विकत घेतलेले यांत फरक आहे. दुकानदाराला "खोलून दाखव" म्हणणारा माणूस उपकार घेत नसतो, सौदा करत असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की हाताशी पंधरा ते बावीस हजार असतील तर नव्याच्या नादाला लागू नये. कंपनीच्या वापरातला चांगला जुना लॅपटॉप घ्यावा. तीस-पस्तीस हजार असतील तरच नवा पाहावा. त्या रकमेत आय-थ्री १२१५ यू किंवा त्या तोडीचा रायझन, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि फुल एचडी पडदा शोधावा. दुकानागणिक आणि महिन्यागणिक भाव हलतात, तेव्हा आकडे अंदाजाचे समजावेत. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव जगभर चढले. त्यामुळे "आता ४ जीबी घेऊ, पुढे वाढवू" हा हिशेब अंगाशी येतो. ८ जीबी आत असलेलाच घ्यावा.

हे जुने लॅपटॉप येतात कुठून? बँका, आय.टी. कंपन्या, मोठी ऑफिसे तीन-चार वर्षांसाठी शेकडो लॅपटॉप भाड्याने किंवा विकत घेतात आणि मुदत संपली की सगळा लॉट विकतात. हे लॅपटॉप मुळात महाग आणि मजबूत असतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक आणि प्रोबुक, लेनोव्होचे थिंकपॅड ही त्यांची घराणी. आठव्या पिढीतले लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५, थिंकपॅड टी४८० हे २०१८ च्या सुमाराचे. यांत रॅमसाठी दोन खाचा असतात, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड टिकाऊ असतो आणि सुटे भाग मिळतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अशी दुकाने आहेत; इतर मोठ्या शहरांतही असतात. जाताना संगणक कळणारा वस्तीतला एखादा मुलगा सोबत न्यावा, त्याच्या चहा-नाश्त्याचा खर्च करावा. शक्यतो सकाळी जावे. संध्याकाळच्या गर्दीत दुकानदार अर्धा तास मशीन हातात देत नाही.

आठव्या पिढीचाच आग्रह का? विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्या इंटेलवर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असेल तरच चालते. काही दुकानदार सहाव्या पिढीच्या मशीनवरही आडवळणाने विंडोज ११ टाकून देतात. ते चालते, पण पुढचे सुरक्षा अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच मशीनवर करायचे असतील तर हा धोका घेऊ नये.

जुना लॅपटॉप पाहताना सुरुवात बायोसपासून करावी. मशीन चालू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१ दाबले की आतला मेनू उघडतो. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन परत द्यावे. ते जुन्या कंपनीच्या कुलपात आहे, किंवा चोरीचेही असू शकते. पासवर्ड नसेल तर तिथला सीरियल नंबर खालच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळवावा आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून मॉडेल व वॉरंटीची मुदत पाहावी. मग विंडोज सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचे खरे नाव दिसते, रॅम किती आणि दोनपैकी किती खाचा भरल्या आहेत तेही दिसते. स्टिकर बदलता येतो, हे पान सहसा खोटे बोलत नाही.

बॅटरीचा अहवाल काढायला सांगावा. विंडोजमध्येच ती सोय आहे. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी संपत आली आहे. अशा वेळी नवी बॅटरी बसवून मागावी, नाहीतर तेवढे पैसे भावातून कमी करावेत. आपल्या वस्त्यांत वीज जाते, तेव्हा बॅटरीकडे काणाडोळा करू नये. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने कळते. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबावे, स्पेसबार दोन्ही टोकांना दाबावा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग बघावेत. बिजागरी उघडझाक करून पाहावी. ती सैल असेल तर पुढे पडद्याची वायर तुटते. कॅमेरा, माइक, वाय-फाय, सर्व यूएसबी भोके तपासावीत. शेवटी अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून पंख्याचा आवाज आणि तापमान पाहावे. दुकानदार कुरकुर करील. करू द्यावी.

पडद्याचे एक वेगळे सांगतो. जुन्या लॉटमध्ये १३६६ बाय ७६८ चे पडदे पुष्कळ येतात. अक्षरे जाडीभरडी दिसतात आणि डोळे लवकर थकतात. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी पडद्यासाठी हजार-दीड हजार जास्त पडले तरी द्यावेत. रात्री दहानंतर घर झोपल्यावर अभ्यास करणाऱ्या मुलांच्या डोळ्यांचा हा प्रश्न आहे.

चार्जर नकली घेऊ नये. आपली घरे दहा बाय दहाची, चार्जर अंथरुणाजवळच लावलेला. अस्सल चार्जरवर बीआयएसचा आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर तो तपासता येतो. जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्या व्यावसायिकांनाही ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. "तुमची नोंदणी आहे का?" असे विचारायला काही हरकत नाही. उत्तरावरून दुकान कळते.

आता पैशाचे. मी कारकून माणूस, तेव्हा इथे जरा थांबतो.

"काका, एक रुपया भरू नका, शून्य टक्के व्याज, बारा हप्ते." ही पाटी प्रत्येक दुकानात आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते व्याज दुसऱ्या कुठल्या तरी आकड्यात लपवलेले असते. कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीने घेतल्यास मिळणारी सूट नाकारून. म्हणून दुकानात शिरल्यावर हप्त्याचा विषय काढूच नये. पहिला प्रश्न, "रोखीने शेवटचा भाव किती?" तो कागदावर लिहून घ्यावा. मग हप्त्यांची एकूण बेरीज, फाइल चार्ज आणि गळ्यात घातलेला विमा मिळवून दुसरा आकडा काढावा. दोन्हींतला फरक हे खरे व्याज.

दुसरा सापळा "महिना फक्त एक टक्का" हा. समजा ३६,००० रुपये बारा महिन्यांसाठी घेतले. एक टक्का म्हणजे महिन्याला ३६० रुपये, वर्षाचे ४,३२० रुपये. एकूण ४०,३२०, हप्ता ३,३६०. ऐकायला बारा टक्के वाटतात. पण सहा महिन्यांनी निम्मी मुद्दल फिटलेली असते आणि व्याज मात्र पूर्ण ३६,००० वरच चालू राहते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात एक हप्ता चुकला की दंड वेगळा. शिष्यवृत्तीचा हप्ता अमुक महिन्यात येईलच या भरवशावर असे कर्ज काढू नये. स्वाधार योजनेची रक्कम मुलांच्या राहण्या-जेवणासाठी आणि शिक्षणाच्या खर्चासाठी असते; ती उशिरा आली तर खानावळ आणि हप्ता दोन्ही एकदम तोंडावर येतात.

याहून चांगला मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे. अभियांत्रिकी किंवा इतर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेणार असाल, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी लागणाऱ्या संगणकाची वाजवी किंमतही धरता येते. अर्जासोबत महाविद्यालयाचे पत्र आणि दुकानाचे कोटेशन जोडावे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. कर्ज मंजूर होऊन गेल्यावर हे आठवून उपयोग नाही. पहिल्या अर्जातच लिहावे. बँकेतील बाबू "लॅपटॉपला मिळत नाही" म्हणाला तर लेखी मागावे.

आणि ते मोबाइलवर फिरणारे "सरकारकडून सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, खालील लिंकवर नाव नोंदवा" हे संदेश! केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने असे संदेश खोटे असल्याचे वेळोवेळी जाहीर केले आहे. तरी दर जूनमध्ये ते नव्याने येतात आणि आपलीच मुले आधार क्रमांक आणि बँक खाते भरून मोकळी होतात. असा संदेश पुढे पाठवू नये.

सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची फारशी गरज नाही. लिब्रेऑफिस मोफत आहे, त्यात मराठी लिहिता येते, वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतात. टॅली प्राइम लायसन्स न घेता शैक्षणिक पद्धतीत चालते; महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेता येतात एवढीच अडचण, शिकायला पुरते. ऑटोकॅडची कंपनी पात्र विद्यार्थ्यांना एक वर्षाचा मोफत परवाना देते आणि तो दरवर्षी नवा करता येतो. दुकानदाराने पाचशे रुपयांत पेन ड्राइव्हमधून टाकून दिलेली चोरीची सॉफ्टवेअर घेऊ नयेत. त्यातून व्हायरस येतात आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात मशीन बसते. बी.ए.-बी.कॉम.च्या मुलाला टॅली लागत नसेल आणि थोडी शिकण्याची तयारी असेल, तर लिनक्स मिंट ही मोफत यंत्रणाही जुन्या मशीनवर छान चालते.

एक गोष्ट घरातली. मुलीच्या नावाने घेतलेला लॅपटॉप संध्याकाळी भावाच्या मांडीवर सिनेमा दाखवत असतो, आणि ती रात्री अकराला भांडी आवरून बसते तेव्हा बॅटरी संपलेली असते. हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. आयांनी यात लक्ष घालावे. कुणाचा तास कोणता ते ठरवून भिंतीवर लिहावे.

ज्यांना पंधरा हजारही जमत नाहीत त्यांच्यासाठी वस्तीने मिळून काही करता येते. विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका असेल तर तिथे ऑफिसातून निघालेले एक-दोन जुने डेस्कटॉप ठेवता येतात. त्याच कुवतीच्या लॅपटॉपपेक्षा ते स्वस्त पडतात. कोण केव्हा वापरणार याची वही ठेवावी, किल्ली एका जबाबदार ताईंकडे द्यावी. वर्गणीचा हिशेब महिन्याच्या महिन्याला फलकावर लावावा, नाहीतर चांगले काम भांडणात बुडते.

खरेदी झाल्यावर पक्के जीएसटी बिल घ्यावे. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, रॅम, एसएसडी आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्यावी. जुन्या लॅपटॉपलाही सहा महिने ते वर्षाची गॅरंटी देणारी दुकाने आहेत. जिथे "टेस्टिंग वॉरंटी सात दिवस" एवढेच सांगतात तिथून घेऊ नये. घरी आणल्यावर पहिला आठवडा मशीन मुद्दाम राबवावे, जे बिघडायचे ते मुदतीत बिघडू दे. दुकानदार टाळू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावावाच लागतो असेही नाही. बिलाची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण दुकानांच्या बिलांची शाई वर्षभरात उडते. सीरियल नंबर घरातल्या डायरीत वेगळा लिहावा. लॅपटॉप गाडीत विसरला किंवा चोरीला गेला तर तक्रार लिहून देताना तोच कामाला येतो.